डेल्फीचा घेवडा

ऑर्लीन परत आली ती फेब्रुवारीच्या अखेरीला, ओहायोची नंबरप्लेट लावलेल्या गाडीतून, आणि ती प्लेट मुदत संपेपर्यंत काही तिनं बदलली नाही. एवढ्या एका गोष्टीवरून आमच्या खोऱ्यात तिचं नाव 'ओहायोवाली' पडलं. वास्तविक ती जन्मली इथलीच, ओढ्याच्या वरच्या अंगाला, डेल्फी आणि एल्बर्टच्या पोटी. पण माणूस चाळीसेक वर्षं ओहायोत, डेटनला काढून आला की आमच्याकडे त्याला पाहुण्यातच धरतात. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो. कारखान्यांपायी अर्धं खोरं उत्तरेला गेलेलं, घरटी एकजण तरी तिकडे आहेच. जाणाऱ्याचं कुणाला नवल नाही. येणाऱ्याकडे मात्र लोक दाराच्या फटीतून बघतात, की हा आता आला कशाला आणि टिकतो किती दिवस.

ती गेली एकोणिसाव्या वर्षी, लग्न होऊन महिना झाला नव्हता तेव्हा. नवरा रॉय गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लागला, पाठोपाठ ती पण तिथल्याच जुळणीच्या फिरत्या पट्ट्यावर उभी राहिली. सुरुवातीची कितीतरी वर्षं शुक्रवारी पाळी सुटली की दोघं अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीत बसायची आणि दक्षिणेला सुटायची. रविवारी जेवण उरकून पुन्हा उलटी वाट. मग मुलगी झाली, तिची शाळा आली, रॉयची कंबर गेली, आणि दर आठवड्याचं येणं महिन्यावर आलं, महिन्याचं नाताळावर. रॉय वारल्यावर तर तिला परत यायला अडवणारं कुणी उरलं नव्हतं. तरी ती फोनवर आईला म्हणायची, "एवढी थंडी सरू दे, येतेच बघ." थंडी सरली की म्हणायची, "आता उन्हाळ्यात कुठे हलवाहलवी करू, पुढच्या साली नक्की." डेल्फी पलीकडून म्हणायची, "ये गं. तुझं सगळं ठेवलंय इथे." ऑर्लीन हो हो म्हणायची आणि टीव्हीचा आवाज पुन्हा थोडा वाढवायची. हे तिला पुढे फार आठवलं.

डेल्फी नोव्हेंबरात गेली. घर ऑर्लीनला ठेवून गेली. धाकटा भाऊ हर्शेल जन्मभर इथेच राहिला, आईचं दुखलंखुपलं त्यानं काढलं, तरी घर बहिणीला मिळालं याबद्दल त्यानं तोंडातून चकार शब्द काढला नाही. त्याचं स्वतःचं घर खाली ओढ्याकाठी होतं. दीड वर्षापूर्वीच्या जुलैत ओढा रात्रीतून चढला तेव्हा त्याच्या घरात छातीएवढं पाणी आलं होतं आणि मागची शेड तर मुळापासून उचलून नेली होती. आईचं घर चढावर, तिथे पायरीसुद्धा भिजली नाही.

तर ही ओहायोवाली आली आणि आल्या दिवसापासून सगळ्यांना आपलं वाटावं म्हणून धडपडायला लागली. खरं सांगायचं तर जरा जास्तच धडपडली. रविवारी चर्चमध्ये म्होरक्या भजनाची ओळ लांबवून सांगतो आणि मग सगळे ती उचलतात. ही म्होरक्याबरोबरच सुरू व्हायची. बायका गालातल्या गालात हसायच्या. दुकानात ओळख नसलेल्याला "मी डेल्फीची" असं सांगायची, आणि समोरचा म्हणायचा, "हो का, ती ओहायोची?" घरी येऊन ती आईच्या खुर्चीत बसून राहायची. ज्या घरासाठी डेटनच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्यांमध्ये तिचा जीव तुटायचा, त्या घरात आता घड्याळाच्या टिकटिकीशिवाय बोलणारं कुणी नव्हतं.

मार्च संपताना तिनं ठरवलं, हर्शेलला जेवायला बोलवायचं. त्याची बायको नोव्हा तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला लेक्सिंग्टनला गेलेली, म्हणजे हा एकटा डबे उघडून खात असणार.

"आईच्या हातचं करते," ती फोनवर म्हणाली. "उद्या सहाला ये."

"येतो," हर्शेल म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, "मलाही जरा काम होतंच तुझ्याकडे."

"कसलं रे?"

"आल्यावर सांगतो."

काय करावं म्हणून तिनं आईचा फ्रीझर उघडला. मक्याच्या दाण्यांच्या पिशव्या, ब्लॅकबेरीची पिशवी, आणि तळाशी, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक काचेची बरणी. बरणीत घेवड्याचे वाळलेले दाणे, तांबूस तपकिरी, आणि वर एक सुकी लाल मिरची. ऑर्लीनला भरून आलं. आई बघा कशी, दाण्यांबरोबर मिरचीसुद्धा आठवणीनं ठेवून गेली! तिनं बरणी छातीशी धरली, आणि मग सगळेच्या सगळे दाणे पातेल्यात ओतून रात्रभर भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून ते मंद आचेवर रटरटत होते, डुकराच्या धुरावलेल्या मांसाचा जाड तुकडा घालून. मिरचीही तिनं त्यातच सोडली. लोखंडी तव्यात मक्याचा पाव भाजला, कांदा चिरला. स्वयंपाकघराला इतक्या वर्षांनी तो जुना वास आला तेव्हा ती एकटीच हसली. आज काहीतरी जमतंय असं तिला वाटलं.

हर्शेल सहाला आला. पाय पुसले, टोपी काढली, आणि जाकीट मात्र अंगातच ठेवलं. खिशाला फुगवटा दिसत होता. "काय आणलंयस?" तिनं विचारलं. "काही नाही, रिकामा डबा आहे," तो म्हणाला, आणि खुर्चीवर बसला. भिंतीवर प्रेतविधी करणाऱ्या दुकानानं वाटलेलं कॅलेंडर होतं, रोजच्या चौकोनात राशीचं चिन्ह असलेलं. आमच्याकडे पेरणीचं पंचांग तेच, प्रत्येक राशीला शरीराचा एकेक अवयव धरून. हर्शेल त्याच्याकडे बघत म्हणाला, "गुड फ्रायडेला चिन्ह बाहूंत पडतंय यंदा. चांगलं आहे घेवड्याला." एवढं म्हणून त्यानं खाकरून घसा साफ केला. "ऑर्ली, मी काय म्हणत होतो…"

"आधी जेव. गार होईल," असं म्हणून तिनं त्याच्यापुढे ताट ठेवलं.

त्यानं ताटाकडे पाहिलं. पाहतच राहिला. मग डोळे मिटून प्रार्थना म्हणायला लागला, आणि ती प्रार्थना नेहमीपेक्षा बरीच लांबली. ऑर्लीननं मध्ये एक डोळा उघडून बघितलं. त्याचे ओठ हलत नव्हते.

"हे कुठून काढलेस?" शेवटी त्यानं विचारलं.

"आईच्या फ्रीझरमधून. टॉवेलात गुंडाळून ठेवले होते, बघ ना."

"सगळे घातलेस?"

"मग काय मोजून घालू? उरले तर डब्यात देते तुला, उद्याला होतील."

"आणि मिरची?"

"ती पण घातली. तिनंच ठेवली होती ना."

"हं," हर्शेल म्हणाला. त्यानं पाव कुस्करला, त्यावर दाणे वाढून घेतले आणि खायला लागला. हळूहळू, एकेक घास बराच वेळ चावून. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तिसऱ्यांदा पण थोडं घेतलं, आणि शेवटी ताटाला लागलेला रस पावानं निपटून खाल्ला.

"कसं झालंय?"

"आईसारखंच."

ऑर्लीन खुलली. चार वाक्यं जास्तच बोलली, डेटनच्या, पट्ट्यावरच्या, रॉयच्या. तो ऐकत राहिला. निघताना तिला आठवलं. "अरे, तुझं काम काय होतं?"

टोपी डोक्यावर घालता घालता तो म्हणाला, "काही विशेष नाही. राहू दे."

गुड फ्रायडे आला आणि गेला. खोऱ्यात घरोघरी लोक घेवडा टोकत होते. हर्शेलच्या वावरात मका घालायची तयारी दिसली, पण घेवड्याच्या नावानं काही हालचाल नाही. पुढच्या आठवड्यात नोव्हा परतली आणि नातवाचे फोटो दाखवायला वर आली. नोव्हा तोंडाची फटकळ. मनात ठेवणं तिला ठाऊक नाही आणि ठेवावं असं तिला कधी वाटतही नाही.

फोटो बघून झाल्यावर ऑर्लीन सहज म्हणाली, "या साली घेवडा नाही का लावत तुम्ही? चिन्ह चांगलं होतं म्हणे."

नोव्हानं फोन पर्समध्ये टाकला. "लावायला बी लागतं ना."

"दुकानात मिळतं की."

"दुकानात?" नोव्हा म्हणाली. "ऑर्लीन, तू खरंच इतकी विसरलीस की वेड पांघरतेस? आपल्या घरात दुकानाचा घेवडा कधी लावलाय कुणी? तुझ्या आईचा होता तो, तिच्या आजीपासूनचा. जांभळ्या फुलाचा. आमच्याकडचं सगळं बी शेडमध्ये होतं, ते पुरानं नेलं. उरलं होतं ते फक्त त्या बरणीत. जी तू शिजवलीस."

"पण मिरची…" ऑर्लीन म्हणाली.

"किडा लागू नये म्हणून टाकतात ती! बियाण्यातच टाकतात. हे तुला माहीत नव्हतं?"

तिला माहीत होतं. हीच तर गंमत, आणि हीच मेली बोच. लहानपणी दर शरदात ओसरीवर बसून दाणे निवडायचे आणि बरणीत भरून झाले की वर मिरची टाकायची, ते काम तिचंच होतं. हात धुतले नाहीत म्हणून डोळ्याची आग झाली होती एकदा, आणि आईनं दूध लावलं होतं. सगळं ठाऊक असून त्या दिवशी फ्रीझरपुढे तिला त्यातलं काही म्हणजे काही आठवलं नाही. जेवण एवढंच दिसलं.

"तो बी मागायलाच आला होता त्या दिवशी," नोव्हा आता जरा खालच्या आवाजात म्हणाली. "मूठभर. हिवाळाभर मी म्हणत होते, जा आणि घेऊन ये, घराची किल्ली आहे आपल्याकडे. तर म्हणे, नाही, आई बोलून गेलीये, बरणी ऑर्लीनची. ती आली की ती लावील. शेवटच्या दोन सालात म्हातारीला वाकवत नव्हतं, तरी कुणाला हात लावू दिला नाही त्या बरणीला. 'पोरगी येतेय, तिला आल्या आल्या लावायला काहीतरी हवं.' तुझी वाट बघत होती ती, आणि तू… जाऊ दे. मी बोलायला नको होतं."

"मग त्यानं ताट समोर आल्यावर तरी बोलायचं!"

"काय बोलणार? दाणे शिजले होते."

नोव्हा गेल्यावर ऑर्लीन रिकाम्या बरणीपुढे बसून राहिली. तिला आपल्या मूर्खपणाचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त लागली ती हर्शेलची तिसरी वाढ. त्यानं ताट सरकवलं असतं, आरडाओरडा केला असता, तर तिला भांडता आलं असतं. त्यानं गपचूप बसून आपल्या आईचा शेवटचा घेवडा पोटभर खाल्ला, आणि वर बहिणीला शाबासकी देऊन गेला. आणि 'ती येईल, ती लावील'? आई हे फोनवर किती वेळा, किती तऱ्हांनी म्हणाली असेल. तुझं सगळं ठेवलंय इथे. ऑर्लीनला वाटायचं, ती गोधड्यांबद्दल बोलतेय.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. हा घेवडा कुठूनही मिळवायचा आणि हर्शेलच्या हातात ठेवायचा. आधी तिला मुलीची आठवण झाली. डेटनला असताना आई दर वसंतात चिमूटभर बी टपालानं पाठवायची. वरच्या मजल्यावर कुंडीलाही जागा नाही, त्यामुळे ते एका खणात पडून राहायचं. तो खण कपाटासकट आता मुलीच्या, क्रिस्टीच्या, घरी होता.

"त्या बिया?" क्रिस्टी फोनवर म्हणाली. "मॉम, त्या मी ब्रेडनला दिल्या गं. शाळेत चित्र करायचं होतं. दाणे चिकटवून कासव केलंय त्यानं, फार गोड आहे."

"कासव?"

"फ्रीजवर लावलंय. वरून वॉर्निश मारलंय बाईंनी, चमकतं छान."

ऑर्लीन डेटनला गेली. नातू ब्रेडन आधी रडला, मग आइस्क्रीमवर तयार झाला. कासवाच्या पाठीवरचे पाच-सहा दाणे तिनं चाकूनं खरवडून काढले, गोंद आणि वॉर्निश गरम पाण्यानं सोडवलं, आणि घरी आणून ओल्या फडक्यात ठेवले. रोज सकाळी ती फडकं उलगडून बघायची. आठवड्यानं ते फुगले, मग बुळबुळीत झाले, आणि त्यांना वास सुटला. ती फडक्यासकट बाहेर टाकून आली.

मग ती खोऱ्यात हिंडली. ज्या ज्या घरी आईनं कधीकाळी बी दिलं असेल त्या त्या घरी. डेल्फी हात आखडून देणारी नव्हती. आपलं गेलं तर दुसऱ्याकडून परत मागता यावं, यासाठीच तर बी वाटायचं असतं. पण निम्मी घरं ओढ्यानं धुऊन नेली होती आणि बाकीच्यांनी उशिरानं का होईना, सोयीचा दुकानी घेवडा धरला होता. "अगं, तुझ्या आईकडे असायचाच की नेहमी," एक बाई म्हणाली, "म्हणून तर आम्ही जपला नाही."

शेवटी उरली फ्लोसी. खोऱ्याच्या अगदी टोकाला राहणारी, नव्वदीला टेकलेली. डेल्फीची बालमैत्रीण, आणि चर्चमधल्या कसल्याशा भांडणापासून गेली वीसेक वर्षं तिच्याशी एक शब्द न बोललेली. ऑर्लीन तिच्या पायरीवर जाऊन उभी राहिली तेव्हा म्हातारी शेंगदाणे सोलत होती.

"कोण गं तू?"

"डेल्फीची ऑर्लीन, मावशी."

"ती ओहायोवाली." फ्लोसीनं मान वर केली नाही. "ऐकलंय मी. बियाणं शिजवून भावाला वाढलंस म्हणे."

म्हणजे हे खोऱ्याच्या टोकापर्यंत पोचलं होतं. ऑर्लीनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "हो," ती म्हणाली. "वाढलं."

"चव कशी होती?"

"चांगली होती, मावशी."

म्हातारी खुदकन हसली, आणि हसता हसता तिचे डोळे ओले झाले. "तिचा घेवडा चवीला होताच तसा. माझ्या लग्नात अर्धी बरणी दिली होती तिनं मला. सगळ्यांनी भांडी दिली, हिनं घेवडा." ती आत गेली, बराच वेळ खुडबुड झाली, आणि एक पत्र्याचा डबा घेऊन बाहेर आली. "बोलणं तुटल्यावर मी रागानं तिचं बी वेगळं ठेवणं सोडलं. माझं, माझ्या सासूचं, तिचं, सगळं एकात. आता त्यातलं हिचं कुठलं, माझ्या बापाला सांगता यायचं नाही. हे तपकिरी बघ. तिचा तपकिरीच होता."

"दाण्याच्या डोळ्याभोवती काळी रेघ होती ना त्याला?"

"होती का? असेल. माझी नजर गेली पोरी." तिनं तपकिरी दाणे निवडून ऑर्लीनच्या ओंजळीत घातले. "फूल आलं की कळेल तुला. मी भांडायला नको होतं तिच्याशी. ती जायच्या आधी एकदा भेटायला जायला हवं होतं."

"मी पण," ऑर्लीन म्हणाली.

मे महिना निम्मा सरला होता. घराशेजारच्या वावरात तिनं एप्रिलात घातलेल्या मक्याचे धांडे वीतभर आले होते, तिनं त्यांच्या बुडाशी दाणे टोकले, म्हणजे वेल मक्यावर चढतील, आई लावायची तसे. जमीन तिनं कुणालाही नांगरू दिली नव्हती, कुदळीनं स्वतः केली होती. कारखान्यात उभं राहून गेलेले गुडघे संध्याकाळी बोंब मारायचे. हर्शेल रोज ट्रकमधून कुंपणाजवळून जायचा, बोट वर करून सलाम करायचा आणि पुढे जायचा. काय लावलंयस म्हणून त्यानं विचारलं नाही.

मेच्या शेवटच्या रविवारी टेकडीवर कबरी साफ करायचा दिवस असतो. डेट्रॉइट, इंडियाना, सिनसिनाटी, कुठून कुठून आमची माणसं गाड्या भरून येतात, फुलं ठेवतात, आणि झाडाखाली लांबच लांब टेबलं मांडून जेवतात. सकाळी सगळे यायच्या आत ऑर्लीन आणि हर्शेल आईच्या कबरीपाशी दोघंच होते. ती कागदी फुलं खोचत होती, तो कडेचं गवत काढत होता. तिनं महिनाभर मनात घोळवलेलं वाक्य शेवटी तोंडापर्यंत आणलं.

"हर्शेल, त्या दिवशी ते दाणे…"

त्यानं गवत कापायच्या मशीनची दोरी ओढली. मशीन घरघरलं, आणि तो कबरीच्या पलीकडच्या बाजूला गेला. ऐकून गेला की न ऐकता गेला, देव जाणे. आमचे पुरुष असेच. छातीएवढ्या पाण्यातून म्हातारीला औषधं नेऊन देतील, पण मनातलं एक वाक्य समोर ठेवा, की कुठलं तरी यंत्र चालू करतील. ऑर्लीननं तो दिवसभर लोकांना कॉफी ओतली आणि पुन्हा काही बोलली नाही.

वेल जोरात चढले. जुलैच्या सुरुवातीला कळ्या धरल्या. ऑर्लीन रोज उजाडता कॉफीचा कप घेऊन वावरात जायची आणि कळ्यांकडे बघत उभी राहायची. मिटलेल्या कळीला कुठे जांभळी छटा दिसते का, बोटानं उलगडून बघावं का, की नको. एका सकाळी ती गेली तेव्हा सगळी रांग फुलली होती. पांढरीशुभ्र. या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून तिनं एकेक वेल बघितला. एकही जांभळं फूल नव्हतं.

ती तिथेच मातीत बसली आणि रडली. कप हातात तसाच. आईला पुरताना ती इतकी रडली नव्हती, तेव्हा भोवती माणसं होती आणि करायची कामं होती. आता मात्र कळलं की गेलं ते गेलंच. तिच्या पणजीच्या हातून आजीच्या, आजीच्या हातून आईच्या हातात आलेली वस्तू बरोबर तिच्या पातेल्यापर्यंत येऊन संपली होती. दोन सालं आधी आली असती तर आईनं ओसरीवर बसून सांगितलं असतं, हे खायचं नाही, हे लावायचं. दोन सालं तिनं कशात घालवली? विचार करूनही तिला सांगता आलं नसतं.

तेवढ्यात हर्शेलचा ट्रक कुंपणापाशी आला. वेग जरा मंदावला. तिनं मान वर केली नाही. ट्रक पुढे गेला.

वेल उपटावेत असं तिला वाटलं होतं. पण उभं पीक उपटायचं कसं? ऑगस्टात शेंगा धरल्या, लांब, मांसल, चांगल्या भरलेल्या. पहिली टोपली निघाली तेव्हा तिनं शेंगांच्या शिरा काढल्या, मोडल्या आणि मांसाचा तुकडा घालून पातेलं मंद आचेवर ठेवलं. मग खाली फोन केला. नोव्हा म्हणाली, "मला चर्चच्या बायकांची बैठक आहे. त्याला पाठवते."

तो आला. पाय पुसले, टोपी काढली. ऑगस्टाचं ऊन असूनही अंगात तेच जाकीट. तिनं ताट वाढलं. त्यानं प्रार्थना म्हटली, नेहमीएवढीच, आणि जेवायला लागला. दोन घास खाऊन म्हणाला, "चांगल्या झाल्यात."

ऑर्लीननं आपलं ताट बाजूला सारलं. आता गप्प बसलं तर ती उरलेलं आयुष्य याच्यासमोर बसून खोटं जेवणार, हे तिला दिसत होतं. आणि तो तिला ते जेवू देणार, प्रत्येक वेळी तिसऱ्यांदा वाढून घेऊन.

"हर्शेल," ती म्हणाली, "हा तो नाही. फूल पांढरं आलं होतं."

तो चावत राहिला. पाणी प्याला. "पाहिलं होतं मी," तो म्हणाला. "रस्त्यावरून दिसतं."

"मग काही बोलला नाहीस?"

"तू रडत होतीस."

खिडकीबाहेर वेलांवर मधमाश्या घुमत होत्या.

"मी शिजवला तो," ती म्हणाली. "आईनं माझ्यासाठी ठेवला होता आणि मी शिजवला. मला क्षमा कर. मला यायला उशीर झाला."

हर्शेलनं काटा ताटात ठेवला. मग त्यानं जाकिटाच्या खिशात हात घातला, तंबाखूचा एक रिकामा डबा काढला, आतून धुऊन पुसून लख्ख केलेला, आणि तिच्या ताटाशेजारी ठेवला.

"शेवटची रांग तोडू नकोस," तो म्हणाला. "वेलावरच वाळू दे. बी धरशील तेव्हा मूठभर यात घाल माझ्यासाठी."

"अरे, पण हा आईचा नाहीये."

"तुझा आहे ना," हर्शेल म्हणाला. "मार्चमध्ये मागायचं राहूनच गेलं."